अडापॅलिन जेल लावल्यावर मुरुम वाढल्यासारखे दिसतात

प्रश्न (खानापूर): माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या कपाळावर बारीक मुरुम असून, बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तिला रात्री लावण्यासाठी ०.१ टक्के अडापॅलिन जेल लिहून दिले आहे. बारा दिवसांत त्वचा सोलवटली आणि पुटकुळ्या उलट वाढल्या. औषध थांबवावे काय?

उत्तर (निपाणी): डॉक्टरांना न विचारता थांबवू नये, असे माझे मत आहे, मात्र चेहरा सुजला किंवा फोड आले, तर लगेच बंद करून त्यांना दाखवावे. हे औषध रोमछिद्रांच्या तोंडाशी मृत पेशी साचू देत नाही, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरुम वाढल्यासारखे वाटले तरी खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे जेल पुरते. माझ्या चिरंजीवांनी केवळ पुटकुळ्यांवर जाड थर दिला आणि आठवडाभर त्यांना दाढी करता आली नाही! सोलवटणे फार असल्यास एक दिवसाआड लावावे काय, हे डॉक्टरांना विचारावे.

उत्तर (चिकोडी): दिवसा सनस्क्रीन लावावे. आग शमवण्यासाठी चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडयुक्त गोरेपणाचे मलम मात्र लावू नये, कारण पुढे त्यानेच मुरुम उठतात.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. विचारल्यावर कळले की, ती बोटभर जेल ओल्या चेहऱ्यावर चोळत होती. सोमवारी डॉक्टरांना फोन करते.