विवी ल्योन

फिनलंडची वास्तुविशारद आयनो आल्टो हिला नामवंत वास्तुविशारद अल्वार आल्टोची बायको एवढ्यावरच निकालात काढलं जातं, अशी तक्रार होते आणि ती रास्तच आहे. अशाच दुर्लक्षित बायकांत एका नावाची भर घालतो: फिनलंडचीच वास्तुविशारद विवी ल्योन (१८७२–१९६६). ही आयनोच्या आधीच्या पिढीतली. जन्म ताम्पेरेचा, हेलसिंकीच्या पॉलिटेक्निकमधून १८९६ साली वास्तुविशारद झाली. तेव्हा मुलींना तिथे 'जादा विद्यार्थी' म्हणून प्रवेश मिळे, म्हणजे कृपाच! तिच्या आधीची वास्तुविशारद सिग्ने हॉर्नबोर्ग हीदेखील तशीच शिकून १८९०मध्ये बाहेर पडली होती. पण स्वतःच्या नावाचं कार्यालय थाटून त्यावर आयुष्य काढणारी फिनलंडमधली पहिली बाई विवीच.

तिने तिसाहून अधिक शाळा बांधल्या. मला मात्र तिचं ताम्पेरेचं अग्निशमन केंद्र (१९०८) जास्त भावतं. स्पर्धा जिंकून मिळालेलं काम. त्या काळी बंब घोडे ओढायचे. तिने दर्शनी बाजूच बाकदार केली आणि बंबांचे दरवाजे त्या बाकावर ओळीने बसवले. नुसतं फोटोत बघितलं तरी घोडे सुसाट बाहेर पडताना दिसतात.

वास्तुविशारद आर्मास लिंडग्रेनबरोबर तिने एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथलं 'एस्टोनिया' नाट्यगृह (१९१३) उभारलं. ते १९४४च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, पुढे पुन्हा बांधलं गेलं. तिथेही आधी नाव लिंडग्रेनचंच घेतात, हे ओघाने आलंच.

१९११ला ती फिनलंडमधल्याच युवास्क्युला गावी राहायला गेली. अल्वार आल्टो तेव्हा त्याच गावात शाळेत जात होता. प्राध्यापक ही मानाची पदवी तिला १९५६मध्ये मिळाली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी.