बीटा पिक्टोरिसचा राक्षसी ग्रह आपल्या सूर्यमालेबद्दल खरंच काही सांगतो का?

धूमकेतूवेडा: माझं मत, सूर्यमाला कशी घडली हे बघायचंय तर बीटा पिक्टोरिस हा ताराच बघा. फक्त ६३ प्रकाशवर्षं लांब, वय जेमतेम २ कोटी वर्षं (सूर्य ४६० कोटींचा), आणि भोवतीची धुळीची तबकडी १९८४ लाच फोटोत आली. आतल्या बाजूला ती वाकडी दिसत होती म्हणून मोठा ग्रह असणार असा अंदाज आधीच बांधला होता लोकांनी, मग चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या २००३ च्या फोटोत एक ठिपका सापडला, २००८ ला जाहीर झाला, तरी शंका होतीच की मागचा एखादा तारा असेल, पण २००९ मध्ये तोच ठिपका ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दिसला आणि विषय संपला. धुळीवरून ग्रह ओळखला राव!

रोहिणी_पुणे: शोध जबरदस्त, पण निष्कर्ष पटत नाही. हा ग्रह गुरूच्या १० पटीहून जास्त जड, तरुण म्हणून अजून तापलेला, ताऱ्यापासून लांब, म्हणून तर दिसला. गर्दीत उंच माणसं आधी दिसतात तसं आहे हे. शेकडो तरुण ताऱ्यांचे सर्व्हे झाले, असे ग्रह मोजक्याच ठिकाणी सापडले. शिवाय तारा सूर्याच्या पावणेदोन पट जड. त्यावरून आपली गोष्ट कशी सांगणार?

धूमकेतूवेडा: ग्रह दुर्मिळ असेल, पण तिथे जे चाललंय ते दुर्मिळ नाही ना. ताऱ्याकडे झेपावणाऱ्या धूमकेतूंचा वायू १९८० च्या दशकापासून ताऱ्याच्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये (वर्णपटात) दिसतोय. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला २००४-०५ मध्ये दिसलेली गरम धूळ नंतरच्या वेब अवकाश दुर्बिणीला दिसलीच नाही, म्हणजे मोठी टक्कर होऊन ती धूळ उडाली असणार असं संशोधक म्हणतात. पृथ्वीनेही असलेच तडाखे खाल्लेत. हे लाइव्ह दुसरीकडे कुठे बघणार?

सह्याद्रीकर: जानेवारीत रात्री अगस्तीच्या पश्चिमेला हा तारा आपल्याकडूनही दिसतो, क्षितिजाजवळ आणि मंद, अंधारी जागा हवी. वादाबद्दल म्हणाल तर रोहिणीताई, २०२५ मध्ये वेबने टीडब्ल्यूए ७ या ताऱ्याच्या धुळीच्या कड्यांमध्ये साधारण शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह टिपला. फक्त राक्षसच दिसतात हे आता तितकंसं खरं नाही.

रोहिणी_पुणे: शनी म्हणजे पृथ्वीच्या ९५ पट हो! आणि टीडब्ल्यूए ७ तर लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा छोटा, थंड तारा. टक्करींचा मुद्दा मान्य, त्यासाठी धूळ बघत राहा. पण सूर्यासारख्या ताऱ्याभोवती नेपच्यूनएवढा तरी ग्रह फोटोत येईपर्यंत मी याला सूर्यमालेचं बालपण म्हणणार नाही.