फ्यूजनच्या मशीनजवळचे कॅमेरे: मेला की बदला, की लांबच ठेवा?

तापीकाठ, भुसावळ
काल आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढायच्या, प्रयोगात रेडिएशनने कॅमेरे मरतात तर एवढा बाऊ कशाला, चिपा स्वस्त झाल्यात, मेला की दुसरा लावा. मला हे अजिबात पटलं नाही. ड्युटेरियम-ट्रिटियम (डी-टी, हायड्रोजनचेच दोन जड प्रकार) जोडताना निघणारा न्यूट्रॉन १४.१ एमईव्ही ऊर्जेचा असतो, त्याला चार्ज नाही म्हणून चुंबकाने वळत नाही, मशीनच्या भिंतीतून आरपार येऊन चिपमधल्या सिलिकॉनच्या अणूला जागेवरून उडवतो आणि मग त्या पिक्सेलमध्ये अंधारातही करंट गळत राहतो, पांढरा ठिपका कायमचा बसला. फ्रान्समधल्या इटर या मोठ्या फ्यूजन मशीनचं क्रायोस्टॅट, म्हणजे बाहेरचं भलंमोठं स्टीलचं भांडं, आपल्या तापीच्या मुखाशी हजिऱ्याला बनून तिकडे गेलं, म्हणून मला हा विषय परका वाटत नाही. माझं मत साधं आहे, आतल्या तापलेल्या वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, उजेड आरशांनी शील्डच्या (रेडिएशन अडवणाऱ्या जाड भिंतीच्या) बाहेर आणा आणि कॅमेरा तिथे ठेवा.

धुळ्याचा सीसीटीव्हीवाला
भो, तुम्ही घाबरवू राहिले लोकांना. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधला कॅमेरा रात्री किती मुंग्या (चमकणारे खोटे ठिपके) दाखवतो ते मी रोज पाहतो, तोच कॅमेरा थंड जागी नेला की चित्र साफ. गळणारा करंट तापमानावर चालतो, दर ६-७ अंशाला जवळपास दुप्पट. मग चिप थंड ठेवा, ठिपके सॉफ्टवेअरने पुसा, आणि चिप तापवून घेतली तर काही ठिपके आपोआप भरूनही येतात. स्वस्त कॅमेऱ्यात काम होतं.

नंदुरबारची फिजिक्सवाली
दादा, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. शॉट, म्हणजे मशीनची एक फेरी, चालू असताना ज्या मुंग्या चमकतात त्या एका फ्रेमपुरत्या, मागच्यापुढच्या फ्रेम पाहून काढता येतात. पण प्लाझ्मा कोसळतो तेव्हा सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा असतो, तिथे फ्रेमा एकमेकींत मिसळल्या तर जे बघायचं तेच पुसलं जाईल. आणि गॅमा किरणांनी चिपवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामध्ये चार्ज अडकतो तो वेगळाच त्रास. शिवाय बदलणार कोण? डी-टी शॉटनंतर मशीनचं लोखंडच रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं, माणूस आत जात नाही. जेट या इंग्लंडमधल्या फ्यूजन मशीनमध्ये आतली कामं रोबोटच्या हातांनी करायचे, आणि जेटने २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल काढले ते ५-६ सेकंदात. इटरचं लक्ष्य ५०० मेगावॅट, तेही शेकडो सेकंद, म्हणजे न्यूट्रॉनचा मारा कितीतरी जास्त.

रावेरकर
आरसेवाल्यांनो, आरसा फुकट नाही मिळत. पहिला आरसा प्लाझ्माच्या तोंडासमोर असतो, कण आदळून तो झिजतो नाहीतर भिंतीची धूळ त्याच्यावर बसते, इटरमध्ये तो जागेवरच साफ करायची सोय करावी लागतेय ती याचसाठी. पुढे लेन्सची काच रेडिएशनने तपकिरी पडते. आणि शील्डला भोक पाडलं की त्यातून न्यूट्रॉनपण बाहेर येणारच, म्हणून रस्ता नागमोडी करतात, प्रत्येक वळणावर उजेड कमी. फास्ट कॅमेऱ्याला आधीच उजेड पुरत नाही.

तापीकाठ, भुसावळ
रावेरकर, उजेडाचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण मला खरी काळजी वेगळ्याच कॅमेऱ्याची आहे. इन्फ्रारेड कॅमेरे फक्त चित्र काढत नाहीत, ते भिंतीच्या टाइल्स किती तापल्या हे बघतात आणि जास्त तापली तर शॉट बंद करायचा इशारा देतात. आता तिथे रेडिएशनचा खोटा ठिपका आला तर चांगला शॉट वाया, आणि खोटे ठिपके पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने खरा तापलेला डागच पुसला तर टाइल वितळेल. मेला तो कॅमेरा ओळखू येतो, पण खोटं दाखवणारा ओळखू येत नाही. हे काम स्वस्त चिपेवर कसं सोडायचं?

धुळ्याचा सीसीटीव्हीवाला
इशाऱ्याच्या कॅमेऱ्याचं बरोबर आहे, तो बाहेरच पाहिजे, हे मी धरलं नव्हतं. पण नुसत्या ड्युटेरियमच्या शॉटला न्यूट्रॉन खूप कमी आणि २.४५ एमईव्हीचे असतात, तिथे जवळ बसवलेला स्वस्त कॅमेरा मी तरी काढणार नाही.