मुंबई मॅरेथॉन आणि कर्करुग्णांसाठी निधी

प्रश्न : जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावून, परळला उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांच्या निवासासाठी निधी उभारण्याचा माझा विचार आहे. नातेवाइकांकडून रोख रक्कम गोळा करून ती संस्थेकडे एकत्रित जमा केली तर चालेल का?

प्रतिसाद : कृपया तसे करू नका. एकत्रित देणगी तुमच्याच नावावर नोंदली जाईल. शिवाय आयकरात देणग्यांसाठी असलेल्या सवलतीखाली (१९६१च्या कायद्यातले कलम ८०जी) २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला करपात्र उत्पन्नातून वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर ती मुळीच मिळत नाही. प्रत्येकाने पॅन कळवून थेट संस्थेच्या खात्यात रक्कम भरावी.

प्रतिसाद : पैशांचे मार्गी लागेल, पण पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय बोलू लागल्यावर येतो, म्हणून लांब पल्ल्याच्या सरावाचा शेवट चढावरच करावा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आजोबांचा ऑनलाइन व्यवहारावर विश्वास नाही, तेव्हा त्यांच्याकडून संस्थेच्या नावे धनादेशच घेईन.