'द गॉडफादर' दाखवताना अंधार किती ठेवायचा?

प्रश्न: नाशिकला कॉलेज रोडच्या हॉलमध्ये 'द गॉडफादर' (१९७२) दाखवतोय. प्रोजेक्टरवर डॉनचे डोळेच दिसत नाहीत. ब्राइटनेस वाढवू का?

उत्तर १: अजिबात नको! छायालेखक गॉर्डन विलिस यांनी दिवे मुद्दाम डोक्यावर लावले, डोळे सावलीतच राहायला हवेत. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो. त्यापेक्षा खिडक्या जाड काळ्या कापडाने झाका.

उत्तर २: आवाजही नीट लावा. डॉनचा मुलगा मायकेल रेस्टॉरंटमध्ये गोळी झाडतो, त्याआधी रेल्वेचा खडखडाट चढत जातो, गाडी मात्र दिसत नाही. मायकेलची बुबुळं तेव्हा कशी हलतात बघा, काय अभिनय आहे! तिथलं इटालियन संभाषण सबटायटलविनाच आहे, फाइल बिघडलेली नाही.

उत्तर ३: लांबी १७५ मिनिटं. मध्यंतर या गोळीबारानंतर घ्या.