जावेला दिलेल्या इंजेक्शनच्याच गोळ्या मला पाळीसाठी: घ्याव्यात का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊ बाळंत झाली आणि वार पडल्यावर तिच्या अंगावरून इतके जाऊ लागले की घडी करून ठेवलेले लुगडे पाहता पाहता भिजले. सिस्टरांनी इतर औषधांसोबत ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन देऊन तिला १०८ च्या गाडीने पुढे पाठवले. ती आता सुखरूप आहे. मला पाळीत फार जाते, म्हणून डॉक्टरांनी त्याच औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, परंतु त्या गोळ्यांनी रक्त गोठून बसेल असे सासूबाईंना वाटते. मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे, पण हे डॉक्टरांना सांगायचे राहिले.

उत्तर १ (अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय)
ताई, सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे, पण हे औषध नवी गाठ बांधत नाही. जखमेवर शरीर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणते आणि रक्तातलेच प्लाझ्मिन नावाचे द्रव्य ती हळूहळू विरघळवते. प्लाझ्मिन ज्या जागी धाग्याला धरते, ती जागाच हे औषध अडवते. शेताचा धुरा, म्हणजे बांध, तुम्हीच घालायचा, हे फक्त पाण्याला तो खाऊ देत नाही. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधून १९६२ मध्ये जगापुढे मांडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील सुमारे २०,००० बाळंतिणींच्या अभ्यासात, प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत ते मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. एक ग्रॅमचे इंजेक्शन १० मिनिटे सावकाश द्यावे लागते. एक हात सिरिंजवर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर ठेवून मी ते अनेकदा दिले आहे, आणि प्रत्येक वेळी मनात एकच असते की उशीर झालेला नसावा, कारण पाव तासाच्या विलंबानेही लाभ घटतो.

उत्तर २ (औषधनिर्माता, जि. चंद्रपूर)
गोळ्या फक्त जास्त जाण्याच्या दिवसांतच, साधारणपणे पाचपेक्षा अधिक दिवस न घेता घ्याव्यात. जावेच्या चिठ्ठीवर किंवा उरलेल्या पाकिटातून नव्हे. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गाठ झाली असेल, फिट येत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर तसे आधी सांगावे. सिकलसेलमध्ये, वाहकांमध्येसुद्धा, कधी लघवीतून रक्त जाते. तेव्हा हे औषध घेतल्यास न विरघळलेली गाठ मूत्रमार्गात अडकू शकते. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी तुमचे सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांना दाखवा, आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

प्रश्नकर्ती
कार्ड पेटीत सापडले आहे. सोमवारी सासूबाईंनाही सोबत घेऊन जाते.