मदत हवी आहे: ऑइल पिकअपची टेबलावरची चाचणी कितपत खरी धरावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजची टीम फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग-कार स्पर्धेसाठी गाडी बनवते. इंजिन मोटरसायकलचं, ३७३ सीसी, सिंगल सिलिंडर. मोटरसायकल वळणावर स्वतःच कलते, त्यामुळे तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या तळालाच राहतं. आमची गाडी कलत नाही. तेल बाहेरच्या भिंतीवर चढतं, पिकअपची (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. मागच्या मोसमात स्किडपॅडच्या (इंग्रजी 8 च्या आकाराच्या चाचणी-ट्रॅकच्या) उजव्या गोलात ऑइल प्रेशर दर वेळी कोसळायचं, डाव्या गोलात टिकायचं. इंजिन खोललं तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर ओरखडे होते.

गोलाची मधली त्रिज्या ९.१२५ मीटर. वळणावर बाजूचा जोर १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) धरला तर ताशी साधारण ३७ किमी वेग येतो आणि एका गोलाला साडेपाच सेकंद लागतात. एका बाजूचे दोन फेरे म्हणजे तेल सलग ११ सेकंद एकाच भिंतीला चिकटलेलं. एवढ्या वेळात विनातेलाचं बेअरिंग सहज जातं.

आता चेंबर नवीन केलाय. पिकअप मध्यावर आणला, भोवती एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपांचा बॅफल (तेल अडवणारा पडदा) बसवला. नळी आतून १६ मिमी आहे, म्हणजे तळापासून किमान ४ मिमी फट हवीच (व्यासाचा चौथा हिस्सा, नाहीतर नळीचं तोंडच आवळतं). आम्ही ७ ठेवली आहे.

चाचणीसाठी ॲक्रिलिकचा पारदर्शक चेंबर केला आहे. पंप इंजिनाचाच, ड्रिल मशीनने फिरवतो आणि सगळं ५० अंशांत कलवतो, कारण १.२ जीला तेलाचा पृष्ठभाग तितकाच कलतो. १०० अंश तापलेलं १५डब्ल्यू-५० इंजिन ऑइल ॲक्रिलिकला सोसणार नाही. गार वापरलं तर ते इतकं दाट असतं की बॅफलमधून हळूहळू सरकतं आणि पिकअप उगाच पास होतो. म्हणून व्हीजी २२ हायड्रॉलिक तेल ४०-४५ अंशांवर वापरतोय. त्याचा पातळपणा तापलेल्या इंजिन ऑइलच्या आसपास येतो.

माझी खरी अडचण पुढे आहे. चालू इंजिनात बरंच तेल वर हेडमध्ये आणि भिंतींवर असतं, चेंबरमध्ये भरलेल्यापेक्षा कमीच उरतं. टेबलावर मी किती कमी भरून चाचणी घ्यावी? हे कोणी मोजलं आहे का? इंजिन जोरात चालवून एकदम बंद केलं आणि लगेच पातळी पाहिली, तर तो आकडा भरवशाचा असतो का?

दुसरं, उजव्या गोलातून डाव्यात जाताना तेल एकदम उलट्या बाजूला आदळतं. आमचं टेबल सावकाश कलतं, त्यात हे दिसत नाही. हाताने झटकन कलवणं पुरेल, की गाडीवरच प्रेशर सेन्सर लावून लॉगिंग करण्याला पर्याय नाही?

आणि फेस. नळीत बुडबुडे दिसतात, पण प्रेशर पडत नाही. अशा तेलावर बेअरिंग टिकतं का?

डिझेल पंप, ट्रॅक्टर किंवा जेनसेटच्या इंजिनांवर काम केलेल्यांनीही जरूर लिहा. चेंबरचं ड्रॉइंग हवं असेल तर इथेच टाकतो.